भामाकाठचा विसावा

कॅमेरा सुरू होता आणि निम्म्या वाटेत माझ्या चौघांनी तिरडी खाली ठेवली.

"कट! कट!" मुंबईचा मॅनेजर ओरडला. "कुठून धरून आणलीत ही माणसं?"

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीला तेव्हा कुठे कारखाने उभे राहत होते. चाकणच्या बाजूला शूटिंग असलं की माणसं, गाड्या, जागा मी ठरवून द्यायचो. इंग्रजी देहू रोडच्या डेपोत गोऱ्यांशी घासाघीस करताना शिकलो होतो.

हा डायरेक्टर फ्रेंच. भीतीचे सिनेमे काढायचा. भुतं, खून, थडगी. एके काळी तिकडे त्याचं नाव होतं, मग तीन सिनेमे ओळीने पडले. पॅरिसच्या सिनेमा कंपनीच्या मालकांनी हा शेवटचा दिला होता. कच्च्या फिल्मचा, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं त्या पट्टीचा, एकच डबा उरला होता. अंत्ययात्रेचा हा शॉट बिघडला असता तर सिनेमा अर्धवट राहिला असता.

तिरडीवर कडब्याचा पुतळा होता, तरी खांदा द्यायला कुणी तयार नव्हतं. सकाळभर मी गेनबाशी भांडलो. तो गावातला जुना खांदेकरी. शेवटी म्हणाला, "देतो खांदा. पन समदं रीतीपरमानं व्हईल."

मी घाईत हो म्हणालो. रीत काय, ते त्या फ्रेंच साहेबाला सांगायचं राहिलं. चूक माझीच.

साहेब स्वतः कॅमेऱ्यावर होता. त्याने मॅनेजरकडे न बघता नुसता हात वर केला. फिल्म फिरत राहिली. गेनबाने तांब्यातलं पाणी शिंपडलं, पुतळ्यावरचं कापड सारखं केलं. खांदेकऱ्यांनी जागा बदलल्या, तिरडी उचलली. नदी आली आणि फिल्म संपली.

मॅनेजर माझ्या अंगावर आला. मीही बाह्या सरसावल्या. साहेब मध्ये पडला. "ते का थांबले?"

"विसावा म्हंत्यात त्याला," मी मराठीत विचारल्यावर गेनबा म्हणाला. "जीव घरात अडकल्याला असतो. जरा टेकू द्यायचं. येकदा मागं बघू द्यायचं."

मी इंग्रजीत सांगितलं. साहेब बांधावर बसला. "माझ्या सिनेमांत इतकी माणसं मेली," तो म्हणाला, "एकालाही मी टेकू दिलं नाही."

बोलताबोलता त्याने प्यायला तांब्या उचलला.

"अवो, त्यो न्हाई! त्यो मढ्याचा!" गेनबाने तो हिसकावला आणि आपल्या ओंजळीने त्याला हंड्यातलं पाणी पाजलं.

वर्षभराने साहेबाचं पत्र आलं. तिरडी टेकवतात तिथे कुणी घाबरत नाही, तो शॉट कापून टाका, असं मालक म्हणाले होते. त्याने कापला नाही. तिथे लोक ओरडत नाहीत, शेजारच्याचा हात धरतात, असं त्याने लिहिलं होतं. पुढे त्याला काम मिळालं नाही.

पडद्यावर मॅनेजरचं नाव आहे, माझं नाही. तो राग अजून गेलेला नाही. पण धंद्याचं सांगतो: माणसं ठरवताना मजुरीच्या आधी रीत विचारावी आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाच्या कानावर घालावी. दर वेळी तिथे असा माणूस असेलच असं नाही.