दाजींच्या गाडीची चमक

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. हिंगोलीतल्या एका कार्यालयात लोकांनी आणलेले कागद तपासायला मी बावीस वर्षं बसतोय. शिक्का मूळ कागदाशी जुळतो का, खाडाखोड कुठं केलीय, दोन सह्या एकाच हातच्या आहेत का, हे बघण्याचाच मला पगार मिळतो. संध्याकाळी घरी आलो तरी ती नजर काही माझी पाठ सोडत नाही. बायको म्हणते, "तुमी कोथिंबिरीची जुडी बी उलटतपासणी करून घेता." ती चेष्टेनं म्हणते, पण खोटं म्हणत नाही.

धाकटी बहीण साखऱ्याच्या बाजूला एका खेड्यात राहते. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात ती परिचारिका आहे आणि दाजी शाळेवर मास्तर. त्यांनी नवी गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा जुनी मीच मागितली. घरातली गाडी घरातच राहील, माहितीची आहे, फसवणूक व्हायची भीती नाही, असा माझा हिशेब.

एका रविवारी दोघं गाडी घेऊन आले. दाजींनी ती दारात उभी केली आणि मी चपला न घालताच बाहेर गेलो. गडद निळा रंग, आठ वर्षं खडी-मातीच्या रस्त्यानं धावलेली गाडी, आणि तिच्या दारात समोरच्या घराची गच्ची वाळत घातलेल्या कपड्यांसकट दिसत होती. मला आनंद व्हायला हवा होता. मला पहिली शंका आली ती तिथंच.

"दाजी, लई चमकून राहिली की हो. काय केलं हिला?"

"काही न्हाई भाऊ. तुमच्याकडं द्यायची म्हणून जरा पुसून-पासून आणली."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, बहिणीकडं बघितलं. बहीण एरवी आल्या आल्या पंख्याखाली बसते आणि बसूनच पाणी मागते. त्या दिवशी ती न सांगता स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवलं. मी बोनेटवरून बोट फिरवलं. बोट नको इतकं घसरलं. मागच्या दाराच्या रबरापाशी वाळलेल्या पिठासारखी पांढरी रेघ राहिली होती. नखानं खरवडली तर भुकटी हाताला आली.

"आठ दिवस चालवून बघा, पसंत पडली तर ठेवा," असं म्हणून दाजी जेवून उठले आणि दोघं एसटीनं परत गेले. जाताना बहीण गाडीकडं न बघता गेली. आठ वर्षं ज्या गाडीत बसली, तिला साधा हातसुद्धा लावला नाही. हेही मी टिपून ठेवलं.

रात्री बायकोला म्हटलं, काहीतरी झाकलेलं आहे. ती म्हणाली, "असू द्या ना. त्यांनी फुकट चमकवून दिली त्याचं बी तुमाला दुखतंय." मला काय डाचत होतं ते तिला कळत नव्हतं. आई-वडील गेल्यापासून बहिणीला माहेर म्हणून माझंच घर आहे. दाजींनी मला फसवलं असेल तर मी गप्प बसणार नाही, आणि मी बोललो तर ते पुन्हा माझ्या दारात पाय ठेवणार नाहीत. ते येणार नाहीत तर ती तरी कशी येणार? एवढं सगळं कळत असूनही मला स्वस्थ बसवेना.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी गाडी घेऊन पॉलिशवाल्याकडं गेलो. बायपासकडं त्याची पत्र्याची शेड आहे. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, हातातली बॅटरी तिरकी धरून दारं बघितली आणि म्हणाला, "साहेब, ग्लेझ मारलंय. बराबर मारलंय, पण घाईत."

ग्लेझ म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. त्यानं समजावून सांगितलं. पॉलिश रंगाचा वरचा पापुद्रा घासतं, त्यानं ओरखडा खरंच कमी होतो. वॅक्स वरून संरक्षण करतं. ग्लेझ यातलं काहीच करत नाही. ते तेलकट असतं, बारीक ओरखड्यांमध्ये जाऊन बसतं आणि वरून सगळं सपाट, ओलं-ओलं दिसतं. लग्नाची गाडी सजवायची असली, प्रदर्शनात उभी करायची असली की मारतात. चार वेळा धुतली की गेलं.

"म्हंजे झाकायचंच काम," मी म्हणालो.

"झाकायचं म्हना, सजवायचं म्हना. लगीनघरात आपन बी तोंडाला पावडर लावतोच की."

मी त्याला ते उतरवायला सांगितलं. तो माझ्याकडं बघतच राहिला. "काहून? लोक लावायला येतेत, तुमी काढायला आले?" तरी त्यानं तेलकटपणा तोडणाऱ्या साबणानं गाडी दोनदा धुतली, मग स्पिरिटच्या फडक्यानं एकेक दार पुसत गेला. उजवी बाजू स्वच्छ निघाली. डावीकडं मात्र पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत ओरखडेच ओरखडे होते. बारीक, लांब, एकाला एक चिकटून, काही दाराच्या मुठीवरून आडवे गेलेले.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझी नजर चुकली नव्हती. एकाच अंगाला एवढं खरचटलंय म्हणजे गाडी त्या अंगावर कलंडलीय, खड्ड्यात गेलीय, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं आणि शेडमध्ये उभं राहूनच दाजींना फोन लावला.

"दाजी, गाडी कुठं पलटी झाली होती?"

"पलटी? न्हाई हो भाऊ."

"मग डाव्या बाजूला काय झालंय?"

दोघं जेवणाच्या सुट्टीत घरी आलेले असणार. मागून बहिणीचा आवाज आला, हळू पण स्पष्ट, "सांगू नका."

आता मला पुराव्याची गरज उरली नव्हती. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तसाच निघालो. वाटेत काय काय बोलायचं ते मनाशी जुळवत होतो. बहिणीला नवऱ्याच्या खोटेपणात सामील करून घेतलं, हे वाक्य मी दोन-तीन प्रकारे करून बघितलं. डांबरी रस्ता संपला आणि त्यांच्या गावाकडं जाणारी अरुंद वाट लागली. दोन्ही बाजूंनी बाभळी वाटेवर ओणवल्या होत्या. समोरून बैलगाडी आली म्हणून मी गाडी डावीकडं घेतली आणि काट्यांची फांदी काचेपासून मागच्या दारापर्यंत कर्र करत घासत गेली. मी ब्रेक दाबला. बैलगाडी निघून गेली तरी मी तिथंच थांबून राहिलो.

घरी पोचलो तेव्हा दाजी ओट्यावर उभेच होते. ते काही बोलायच्या आत बहीण पुढं झाली.

"त्यांना बोलू नको दादा. मी गाडी शिकून राहिले होते. समोरून कोनी आलं की मला भेव वाटायचं, मी बाभळीत घालायची. ते ग्लेझ मीच मारायला लावलं."

"मग सांगायचं ना. मी काय हसलो असतो?"

"हसला असता तर चाललं असतं," ती म्हणाली. "तू विचारलं असतं. कधी, कुठं, संगं कोन होतं, किती वाजले होते. तू विचारायला लागला की काही केलेलं नसलं तरी चोरी केल्यावानी वाटतं."

मी म्हणालो, काळजीपोटी विचारतो मी. ती आत गेली आणि तिची रोजची पर्स घेऊन आली. मधला कप्पा उघडून माझ्यासमोर धरला. आत एसटीची तिकिटं होती, घड्या घातलेली, कालचीही आणि परवाचीही.

"नर्सिंगला होते तवा उशीर झाला की तू तिकीट दाखव म्हनायचा. कुठून बसले ते बघायचा त्याच्यावरून. आता लग्नाला सतरा वर्षं झाले. कोनी मागत न्हाई. तरी माझ्याच्यानं तिकीट फेकवत न्हाई."

दाजी खाली मान घालून उभे होते. म्हणजे त्यांना हे माहीत होतं. सतरा वर्षं माहीत असून ते माझ्याशी हसून बोलत आले होते. मला माझीच लाज वाटली. तिकिटं मागण्यालाच मी एवढी वर्षं बहिणीची काळजी घेणं समजत आलो होतो.

काहीतरी करायला हवं म्हणून मी गाडीची किल्ली तिच्यापुढं धरली. "चल, चालवून दाखव."

"दाखवायची न्हाई मला," ती म्हणाली. "बसायचं असंल तर बस."

मी डावीकडं बसलो. ती उपकेंद्रापर्यंत गेली, तिथं वळवली आणि परत आणली. एकदा ट्रॅक्टर आला, तिनं गाडी थांबवली, त्याला जाऊ दिलं आणि मग गिअर टाकून निघाली. फांद्या माझ्या काचेला एकदाच लागल्या. ती चांगली चालवत होती. माझ्यापेक्षा सावकाश आणि माझ्यापेक्षा नीट.

दारात गाडी बंद करून तिनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "आता सांग. काय काय चुकलं?"

"काहीच न्हाई," मी म्हणालो. "खरंच चांगली चालवतेस."

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मी खरं बोलत होतो, आणि तिचा माझ्यावर विश्वास बसत नव्हता.