बाजेवरच्या बाटल्या

भाटघरच्या धरणावरच्या बंगल्यात रखमाजी मळेकर हंगामी गडी होता. पाणी भरायचं, पंखा ओढायचा, झाडांना आळी करायची आणि साहेब गावाला गेला की घरी बसायचं, असं त्याचं काम. मूळचा तो वेल्ह्याकडचा, तोरण्याच्या पायथ्याचा. धरणाचं काम निघालं तेव्हा दगड वाहायला खाली आला आणि धरण पुरं झाल्यावर परत गेला नाही. बंगल्यावर कायम चौकीदार नेमायचं घाटत होतं. चौकीदाराला पगारापेक्षा मोठी गोष्ट मिळणार होती : कौलारू खोली आणि मागं परस. रखमाजी आणि त्याची बायको ठकुबाई मजुरांच्या पत्र्याच्या चाळीत राहत होती आणि ते पत्रे पावसाळ्याआधी निघणार होते.

ठकुबाई सुईण होती. भाटघरापासून वेल्ह्यापर्यंतच्या बायका तिचं ऐकत. पुरुषांनी ऐकावं अशी तिची अपेक्षाच नव्हती. त्यांना ती अंगणातूनच परत पाठवी.

१९३० साली शिमगा सरल्यावर मोठ्या साहेबानं रखमाजीला बोलावलं. हा धरणावरचा इंजिनिअर. नोकरी संपवून तो विलायतेला निघाला होता. फ्रान्सच्या नामांकित मळ्यांची वाइन त्यानं वर्षानुवर्षं जमवली होती. जाण्यापूर्वी पुण्या-मुंबईच्या जाणकारांना ती थाटामाटानं चाखवायची, असा त्याचा बेत होता. पुण्याचे साहेबलोक येणार होते, मुंबईचा एक गोरा वाइनचा व्यापारी येणार होता, आणि त्याच्या जागेवर नेमलेला नवा साहेबही येणार होता. समारंभापर्यंतचे पंधरा दिवस रखमाजीनं बाटल्यांची खोकी सांभाळायची होती.

साहेब इंग्रजीत बोलला. खानसामा मुबारक भोरचा. पलटणीच्या मेसमध्ये नोकरी करून आलेला. त्यानं मराठीत सांगितलं, "एक जरी बाटली बिघडली तरी चौकीदारी इसर. समद्या नीट राहिल्या तर साहेब नव्या साहेबाला तुझं नाव सांगनार हाय."

"सांभाळायची कशी?"

"अंधारात. गारव्यात. वारं लागू द्यायचं न्हाई, हालवायचं न्हाई, आन् आडवं निजवून ठेवायचं."

रखमाजीनं घरी येऊन हे शब्दन् शब्द सांगितलं. ठकुबाईनं भाकरी उलथली.

"आन् हे सांगाया विलायतेचा सायेब लागला व्हय? ही तर बाळंतीण!"

दुसऱ्या दिवशी बंगल्यामागची कोठी धुऊन सारवून झाली. खिडकीला घोंगडी लागली. आत बाज टाकली गेली. बाजेवर ओलं गोणपाट, गोणपाटावर बाटल्या ओळीनं आडव्या, आणि त्यांच्यावर ठकुबाईचं जुनं लुगडं. इथवर साहेबानं पाहिलं असतं तरी तो खूश झाला असता. पण बाळंतिणीच्या खोलीत रोज सांज-सकाळ धुरी द्यावी लागते, हे साहेबाच्या ध्यानात राहिलं नसावं, असं ठकुबाईचं मत पडलं. शेगडीत निखारे घालून ती कोपऱ्यात ठेवू लागली आणि निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाच्या साली टाकू लागली. साहेब तेव्हा पुण्याला होता. मुबारकला त्याच कोठीत वाइनचे पेले ठेवायचे होते. तो आत शिरला, पेले कसेबसे मांडले आणि खोकत बाहेर आला.

"रखमा, पाचवी कवा पुजायची रं?"

"थट्टा नगं, मुबारकभाई. माझ्या खोलीचा परश्न हाय."

"तसं न्हाई, न्हान घालायच्या येळंला मला हाक मार म्हन्लं."

समारंभाच्या दिवशी दुपारी ओसरीवर पांढऱ्या चादरी घातल्या. पेल्यांच्या रांगा लागल्या. मेजाशेजारी एक पितळी घंगाळ ठेवलं गेलं. ते हात धुवायला असावं, असं रखमाजीनं धरून चाललं. बाटल्या त्यानं एकेक करून हातांच्या झोळीत आणल्या. सगळ्या साबूत होत्या. बुचं पक्की होती. मोठ्या साहेबानं त्याच्याकडे बघून मान डोलावली आणि रखमाजीला परसात लावायची भेंडी दिसू लागली.

व्यापाऱ्यानं पहिला पेला उजेडात धरला, गोल फिरवला आणि नाक आत घातलं. मग तो थांबला. पुन्हा नाक घातलं. शेजाऱ्याला काहीतरी म्हणाला. शेजाऱ्यानंही हुंगलं.

"काय म्हंतोय?" रखमाजीनं खांबाआडून विचारलं.

मुबारकचा चेहरा उतरला होता. "धुराचा वास येतोय म्हंतोय. आन् कसल्यातरी बियांचा."

बंद बाटलीत धूर शिरण्याचं काही कारण नव्हतं. वास होता तो कोठीत ठेवलेल्या पेल्यांना. पण ही तपासणी करायला तिथं कुणाला सवड नव्हती, कारण व्यापाऱ्यानं घोट घेतला, तोंडात घोळवला आणि वाकून घंगाळात थुंकून टाकला. शेजारीही थुंकला. मग रांगेनं चाखणारे सगळे थुंकले.

"मुबारकभाई, अशी रीत असती का?"

"मेसमधे लई सायेब बघितले. दारूपायी पडलेले बघितले, रडलेले बघितले. थुकलेला एक न्हाई बघितला."

दुसरी बाटली. हुंगलं, घोळवलं, थुंकलं. तिसरी. रखमाजीची भेंडी मुळासकट उपटली गेली.

सुईणीची एक रीत आहे. ओल्या बाळंतिणीला काढा द्यायचा आणि सासूनं शंका घेतली, तर सुईण काही बोलत नाही. सासूसमोर आपण आधी घोट घेते आणि गिळून दाखवते. त्यापुढं सासूला बोलायला जागा राहत नाही. ही रीत रखमाजीनं ठकुबाईकडून उभ्या संसारात ऐकली होती. दारूला मात्र त्यानं कधी तोंड लावलं नव्हतं.

तो खांबाआडून निघाला, मेजाशी गेला आणि व्यापाऱ्यासमोरचा पेला उचलून गटागटा प्याला. "चांगली हाय, सायेब," तो म्हणाला. दुसरा उचलला. "ही बी चांगली हाय." तिसरा, चौथा, तांबडी, पिवळी, सगळी त्यानं गिळून दाखवली. शेवटी सुरईत ओतून ठेवलेली सगळ्यांत जुनी वाइन त्याच्या हाती आली. मोठ्या साहेबाच्या साठ्यात तसली ती एकच बाटली होती. मोठा साहेब ओरडेपर्यंत सुरई रिकामी झाली होती.

"चालता हो!" साहेब गरजला. त्याचं मराठी मुबारकला करावं लागलं नाही.

नवा साहेब पोट बिघडल्यामुळं नुसता बसून होता. त्यानं मुबारकला विचारलं, हा माणूस असं का वागला? मुबारकनं चाचरत सांगितलं, "ही मंडळी थुकली, सायेब. दारू बिघडली न्हाई, हे दावतोय तो."

मग व्यापारी एवढा हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. इतक्या वाइन एका बैठकीत पारखायच्या तर गिळून चालत नाही, चव घेऊन थुंकायचीच असते, हे त्यानं सांगितलं. मुबारकनं ते रखमाजीच्या कानात घातलं.

रखमाजी खांबाला टेकला होता. खांब हलतोय, असं त्याचं म्हणणं होतं.

"मंग चूळ भराया पानी काय म्हाग हुतं?"

हेही मुबारकनं इमानानं इंग्रजीत सांगितलं. तेव्हा मोठा साहेब सोडून सगळे हसले.

एवढ्यानं चौकीदारी मिळाली नसती. पण धुराचा वास आला कुठून, हे व्यापाऱ्याला बघायचं होतं. सगळे कोठीकडे गेले. बाज, गोणपाट, लुगडं, कोपऱ्यातली शेगडी. नव्या साहेबानं विचारलं, हे काय आहे?

"बाळंतिनीची खोली," दारातून ठकुबाई म्हणाली. घरवाला पडल्याची खबर ऐकून ती आली होती. "म्या सुईन हाय. आन् ह्येंला पाजलं कुनी?"

मुबारकनं 'सुईण' शब्दाचं भाषांतर केलं मात्र, नव्या साहेबाचं पोटदुखीवरचं ध्यान उडालं. त्याची मॅडम पोटुशी होती, ज्येष्ठात मोकळी होणार होती, आणि इंग्रज डॉक्टर पुण्यात राहत होता. नव्या साहेबानं कोठी पुन्हा एकदा नीट पाहिली. अंधार, गारवा, स्वच्छ जमीन. मग त्यानं विचारलं, तुम्ही राहता कुठं?

आठवड्याच्या आत दोघं कौलारू खोलीत गेली. मोठ्या साहेबाची शिफारस लागली नाही. मॅडमला मुलगी झाली. मॅडमच्या खोलीतही धुरी होती आणि साहेबाला अंगणातूनच परत पाठवण्यात आलं. चौकीदारी रखमाजीच्या नावानं होती. ती कुणामुळं मिळाली हे ठकुबाई त्याला विसरू देत नसे.

नंतर भोरच्या बाजारात लोक त्याला अडवत. "रखमाजी, राजेरजवाडे पित्यात ती दारू तू प्यालास. चव तरी कशी हुती?"

रखमाजी थोडा विचार करी.

"खोटं कशाला बोलू," तो म्हणे. "बाळंतशेपा जरा जास्त झाला हुता."