ठमाबाई पालथी पडेना

"पडली का पालथी?"

गादीमास्तरांचा दिवस हल्ली या प्रश्नावरच उजाडायचा. सुनेची आई फोनवर हेच विचारायची. समोरचा चावीवाला शटर वर ढकलता ढकलता हेच ओरडायचा. गिऱ्हाइकंसुद्धा खांद्यावरची मोडकी खुर्ची उतरवायच्या आधी आतल्या दाराकडे मान लांब करायची, "काय मास्तर, नातीचं काय?"

"नाही पडली!" मास्तर ओठांत धरलेला बारीक खिळा काढून खेकसायचे. "पडली की दवंडी पिटतो. तोवर खुर्चीचं बोला."

मास्तरांची उभी हयात लोकांच्या बुडाखालचं मऊ करण्यात गेली होती. पुढे रस्त्याला लागून दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या, आणि दोन्हीकडे फोमचा भुगा असा की भाजीच्या पातेल्यातही सापडावा. खुर्ची असो नाहीतर सोफा, मास्तरांचं म्हणणं एकच: बसणाऱ्याला खाली लाकूड आहे याची शंकासुद्धा येता कामा नये. स्वतः मात्र ते अर्ध्या बुडाच्या स्टुलावर बसून कंबर धरायचे. बायको होती तोवर म्हणायची, जगाला गाद्या आणि घरच्यांना गोणपाट.

तो टोमणा मास्तरांना कुठेतरी लागून राहिला असावा. कारण नात झाली तेव्हा त्यांनी हातातली सगळी कामं कोपऱ्यात सारली आणि तिच्यासाठी गादी करायला घेतली. खाली दाट फोम, वर मऊ फोम, त्यावर पिंजलेला कापूस, चारी बाजूंनी लोड आणि मधोमध बाळाच्या अंगाएवढा खळगा. पोरगी त्यात ठेवली की लोण्यात बोट जावं तशी रुतायची. नुसतं नाक आणि दोन मुठी वर. मास्तर गिऱ्हाइकांना आत नेऊन नात दाखवायचे, पण बोट गादीकडे करायचे.

या ठमाबाईचं बाकी सगळं वेळेवर होतं. हसू आलं, आवाजाकडे डोळे फिरले, खुळखुळा मुठीत आला, 'अंगूं' करून भांडायलाही लागली. मान मात्र लटलट करायची, आणि पालथं पडायचं तर नाव नाही. चावीवाल्याचा नातू तिच्याच वयाचा.

"आमचा दिवसभर लोळतोय," चावीवाला सांगायचा.

"आजोबांवर गेलाय," मास्तर म्हणायचे. "अजून काय करणार?"

तोंडाने असं चालायचं, पण एक दिवस सून पोरीला पाजता पाजता हळूच म्हणाली, "बाबा, हिच्यात काही कमी तर नसेल ना?"

"कमी? डोकं फिरलंय का तुझं?" मास्तर असे भडकले की पोरगी दचकली. भडकले, कारण हाच किडा त्यांचंही डोकं पोखरत होता. मुलगा कामानिमित्त परगावी, त्याला फोनवर काय सांगायचं? दुपारी त्यांनी शटर ओढलं आणि दोघींना घेऊन दवाखाना गाठला.

नर्सबाईंनी पोरीला टेबलावर घेतलं, हात धरून उठवून पाहिलं, पाय वाकवून पाहिले, कानाशी टाळी वाजवली. "चांगली दणकट आहे. झोपवता कशावर?"

मास्तरांनी छाती फुगवली आणि फोमच्या थरापासून लोडाच्या शिवणीपर्यंत सगळं सांगितलं.

"मऊ किती?"

"तुम्ही आडव्या झालात तर उठायच्या नाहीत, इतकी!"

"मग ती तरी कशी उठेल, काका?"

सुनेने तोंडाला पदर लावला. मास्तरांना वाटलं रडतेय, बघतात तर हसत होती.

"ती पाय मारते, रेटा देते, ते सगळं तुमचा फोम गिळतो," नर्सबाई म्हणाल्या. "आणि झोपेत नाकतोंड त्यात रुतलं तर श्वास कोंडेल. आजच काढा ती. झोपायला सपाट, टणक गादी, उताणीच झोपवा, लोडबिड काही नको. जागी असली की जमिनीवर सतरंजी टाकून थोडं थोडं पोटावर ठेवा, आणि कुणीतरी समोर बसा. महिनाभराने परत दाखवा."

वाटभर मास्तरांची चक्की चालू. "जन्म गेला मऊ करण्यात! आणि आता आम्हाला सांगतात टणक करा!"

"बाबा, हळू. लोक बघतायत."

"बघू देत!"

घरी आल्यावर मात्र ते गादीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले. सून म्हणाली, "मी उचलू?"

"हात लावू नकोस. मी शिवली, मीच उसवीन." कात्री टाक्यात घालताना त्यांनी 'श्वास कोंडेल' हे नर्सबाईंचे शब्द दातांखाली चावले आणि मग थांबले नाहीत.

पुढचे दिवस म्हणजे नुसता वैताग. पोटावर ठेवली की ठमाबाई सतरंजीत नाक खुपसून असा टाहो फोडायची, की चावीवाला विचारायला यायचा, मारताय का पोरीला? गुडघे कुरकुरत असताना मास्तर स्वतः तिच्यासमोर पालथे पडायचे. "उचल, मान उचल. बघ, म्हाताऱ्याला जमतंय." कधी मान वर यायची, कधी कोपर टेकायचं, बहुतेक वेळा नुसताच गळा काढायची.

मग एका सकाळी दुकानात एक बाई सोफ्याच्या कापडावरून हुज्जत घालत होत्या. कोपऱ्यात सतरंजीवर ठमाबाई उताणी. तिने गुडघे पोटाशी घेतले, कंबर पिळली, टाच फरशीत रोवली, कण्हली आणि धपकन पालथी झाली. एक हात पोटाखाली अडकलेला.

"अगं ए! ये लवकर! पडली! पडली!"

सून साबणाच्या हातांनी धावत आली. "कुठून पडली?"

"पालथी पडली!"

सून तिथेच फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. "आता कशाला रडतेस?" मास्तर ओरडले.

ठमाबाईने मान ताठ करून सगळ्यांकडे जहागीरदारासारखं पाहिलं. मग दमली. परत उताणं होता येईना, तसा भोंगा लावला. मास्तरांनी पोरगी सरळ केली. ती लगेच पालथी. पुन्हा भोंगा. सरळ केली. पालथी. भोंगा.

"मास्तर, माझा सोफा कधी मिळेल?" बाईंनी विचारलं.

"मला काय विचारता?" मास्तर कंबर धरून पुन्हा वाकले. "ही सोडेल तेव्हा!"