गादीवर घेतलेली चाचणी

नवं राज्य झालं, रायपूरला राजधानीचा मान मिळाला आणि जो तो छाती फुगवून हिंडू लागला. मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं, रस्त्यांवरचे खड्डे होते तिथेच होते, पण पानठेल्यावरचा माणूससुद्धा "राजधानी में रहते हैं भैया" असं ऐकवायचा. त्याच सुमारास शहराबाहेर, अभनपूरच्या वाटेवर, तारेच्या कुंपणात आमचं केंद्र सुरू झालं. फौजेसाठी बनवलेले पाठीवरचे वायरलेस सेट आणि त्यांना जोडलेले छोटे संगणक इथे तपासायचे, हे त्याचं काम. ते बनवणारी मोठी प्रयोगशाळा दूर दक्षिणेत होती. त्यांच्याकडे सगळं होतं, फक्त आमच्यासारखं ऊन नव्हतं. नवतप्यात, म्हणजे मेच्या शेवटी जे नऊ दिवस आमच्याकडे जमीन भाजून निघते, त्या दिवसांसाठी त्यांनी आम्हाला निवडलं होतं. आमचे साहेब याचंही श्रेय स्वतःकडे घ्यायचे.

मी तिथे तांत्रिक सहायक होते, तीही हंगामी. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा कागद यायचा, आणि तो येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. वडील रेल्वेत होते, वर्ध्याकडून इकडे आलेले. पक्की सरकारी नोकरी म्हणजे काय ते आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

आता त्या केंद्राची कर्मकहाणी. चाचणीची एक छापील पुस्तिका होती. सेट पाच तास उघड्या उन्हात ठेवा, दर अर्ध्या तासाने संदेश पाठवा, किती अक्षरं बरोबर पोचली ते लिहा. मग तो कमरेच्या उंचीवरून सिमेंटच्या फरशीवर टाका, सहा बाजूंनी सहा वेळा. साधी, सरळ, शहाण्या माणसाने लिहिलेली पुस्तिका होती. पण सेट यायचा तो आधी स्टोअरकीपरच्या ताब्यात, आणि त्याच्या नोंदवहीत एकदा वस्तू चढली की ती जशीच्या तशी परत गेली पाहिजे, असा नियम. मोडली तर जबाबदारी कोणाची? म्हणजे ज्या जागेचं काम वस्तू मोडून बघण्याचं, तिथे वस्तू मोडणं हाच गुन्हा. हे कुणालाही विचित्र वाटलं नाही. मला वाटलं, पण मी हंगामी होते.

यावर तोडगा निघाला तो असा. पंडरीच्या कापडबाजारातून जाड कापूस भरलेली एक गादी आली. फरशीवर गादी घालायची, तिच्यावर सेट टाकायचा, आणि कागदावर लिहायचं, 'फरशीवर टाकला, दोष आढळला नाही.' उन्हाच्या चाचणीत सेटवर ओलं पोतं पसरायचं. धुळीच्या चाचणीत मुरमाची धूळ उडवायची, पण सेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून. स्टोअरकीपर शेजारी उभा राहून गादीच्या सुरकुत्या हाताने सारख्या करायचा. पोटच्या पोराचं अंथरूण घालावं तशी माया. साहेब कूलरपुढे बसून सही करायचे आणि म्हणायचे, "देखा, एक भी फेल नहीं." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यालाही निदान उंटावर चढावं लागतं, आमचे साहेब खुर्चीवरून उठतही नसत.

मी या लोकांचा मनापासून तिरस्कार करत असे. घरी येऊन त्यांच्या नकला करायचे आणि सगळे हसायचे.

केंद्रात एकच माणूस मला माणूस वाटायचा. आमचे तंत्रज्ञ, मी त्यांना भाऊ म्हणायचे. भंडाऱ्याकडचे, वडील रेल्वेच्या गँगमध्ये, स्वतः फौजेच्या सिग्नल दलात नोकरी करून आलेले आणि इथे माझ्यासारखेच करारावर. डोंगरात बारा वर्षं पाठीवर सेट वाहिलेला हा माणूस गादीची चाचणी बघताना तोंड फिरवून बसायचा. मला एकदा म्हणाले, "बाई, तिकडं पाठ टेकवाले जागा नसते. सेट दगडावर पडते, माणूस त्याच्यावर पडते. मंग तो बोलला नाही तं कोणाले बोलवशील?"

त्या वर्षी नवतप्यात नवा सेट आला, आणि मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं, की हा पास झाला की लगेच पलटणींकडे जाणार. साहेब त्या दिवशी मंत्रालयात बैठकीला गेले होते. स्टोअरकीपर सेट भाऊंच्या सहीवर देऊन अभनपूरला बाजाराला गेला होता. सकाळी दहाला भाऊंनी सेट उचलला, मोकळ्या मैदानात नेऊन ठेवला आणि पोतं बाजूला फेकलं. "घड्याळ घे अन् लिही. पुस्तिकेत आहे तसंच. एक शब्द इकडचा तिकडं नाही."

मी छापील तक्ता घेतला आणि लिहीत गेले. तीन तास ठीक गेलं. साडेतीन तासांनी सेट अक्षरं गाळायला लागला. चौथ्या तासाला पडदा काळा. भाऊंनी तो सावलीत नेला, थंड झाल्यावर पुन्हा चालू झाला. मग फरशी. गादी नाही. पहिल्यांदा पडला, काही नाही. दुसऱ्यांदा पडला, काही नाही. तिसऱ्यांदा कोपऱ्यावर पडला, बॅटरीचं झाकण उडालं आणि सेट मेला. भाऊंच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण समाधान होतं. "आता सांगता येते त्या प्रयोगशाळेवाल्याइले, का झाकण धरणारा काटा बदला. छोटंसं काम आहे." मला ते ऐकून खरंच बरं वाटलं. पहिल्यांदाच त्या कुंपणात कोणी नोकरीचं काम केलं होतं.

संध्याकाळी साहेब आले. सेट का बंद पडला हे त्यांनी विचारलं नाही. कोणी मोडला हे विचारलं. स्टोअरकीपरने तोवर आपली कातडी वाचवली होती. भाऊंनी नेताना निष्काळजीपणे पाडला, असं त्याने लिहूनही दिलं. चौकशी बसली. भाऊंनी सांगितलं, की मी पाडला नाही, चाचणी केली, पुस्तिकेप्रमाणे केली, नोंदी बाईंकडे आहेत. तेवढा एक तक्ता दाखवला असता तर त्यांच्यावरचा आळ गेला असता. त्यांची नोकरी त्या कागदावर उभी होती, आणि कागद माझ्या हातचा होता.

चौकशीच्या दिवशी मी तो पर्समध्ये घालून नेला. द्यायचाच म्हणून नेला, हे मी आजही शपथेवर सांगेन. आत बोलवण्याआधी साहेबांनी मला चहा दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "आपकी परमानेंट वाली फाइल मेरे टेबल पर है, मैडम. अच्छी फाइल है." बस, एवढंच. धमकी नाही, आवाज चढवला नाही. फाइल चांगली आहे म्हणाले.

आत मला विचारलं, त्या दिवशीच्या नोंदी तुमच्याकडे आहेत का? भाऊ समोर बसले होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी म्हणाले, नोंदी घेतल्या नाहीत. आवाज अजिबात कापला नाही.

भाऊंचा करार पुढे वाढला नाही. गादीवर तसाच दुसरा सेट पास झाला आणि कुठल्या कुठे रवाना झाला. झाकणाचा काटा तोच होता. दिवाळीआधी मी पक्की झाले. घरी पेढे वाटले, वडील रडले. त्या दिवशी कोणाच्या नकला मला सुचल्या नाहीत.

दोनेक वर्षांनी कळलं, की भाऊंनी समता कॉलनीत दुरुस्तीचं दुकान टाकलंय. मिक्सर, कूलर, टेपरेकॉर्डर. आमचा मिक्सर बिघडला होता हे खरं, पण तो काही तिथेच न्यायला हवा होता असं नाही. मी तो घेऊन गेले आणि तक्ताही नेला. त्यांनी ओळखलं, स्टूल पुढे केलं. मिक्सर उघडला, मोटरमधला झिजलेला कार्बनचा कोळसा बदलला, भांड्यात पाणी घालून चालू केला आणि म्हणाले, "थोडा वेळ चालू द्या. नुसता फिरला म्हणजे झाला असं नसते."

मिक्सर घरघरत असताना मी तक्ता पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो ओळीने वाचला. दर अर्ध्या तासाची नोंद, अक्षरं, तिसरी पाडणी, खाली माझी सही आणि तारीख.

"चांगलं लिहिलं," ते म्हणाले. "पण अपिलाची मुदत गेली आता." मग कागद घडी करून माझ्याकडे देताना त्यांनी विचारलं, "त्या दिवशी कुठं होता हा?"

"पर्समध्ये," मी म्हणाले.

"पर्स संगं होती?"

"मांडीवर होती."

त्यांनी मान हलवली. मिक्सर बंद केला, हात लावून गरम झालाय का ते पाहिलं आणि तो पिशवीत नीट बांधून दिला. मागे कूलरचा पंप घेऊन एक गिऱ्हाईक उभं होतं. भाऊ त्याच्याकडे वळले आणि पंप कधीपासून बंद आहे ते विचारू लागले.