रांजणाला विचारलेला प्रश्न

समस्त भाविकांना, सोयऱ्याधायऱ्यांना आणि आमच्या गल्लीतल्या सर्व मंडळींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गेल्या फाल्गुनात छत्रपती संभाजीनगर मुक्कामी, आमच्या राहत्या घरी, एका नाटकाचे प्रयोग रोज होत होते. नाटकाचा विषय : मला कॅन्सर नाही. सगळ्या भूमिका घरच्यांच्या. प्रेक्षक मी एकटी.

काम कुणालाच जमत नव्हतं. माझ्या भाजीला जन्मभर नावं ठेवणाऱ्या सासूबाई ताट चाटूनपुसून जेवू लागल्या. मानपानावरून अबोला धरलेली नणंद डिंकाचे लाडू घेऊन आली. आमचे हे तर जेवण झालं की टाकीत पाणी किती उरलं ते बघायला रोज गच्चीवर जायचे. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, त्यामुळं पाण्यापायी कोण कुठं गेलं यावर आमच्या गावात कुणी संशय घेत नाही. मीही घेतला नाही. पण छातीतली गाठ दाखवायला ज्या दवाखान्यात मला नेलं, त्याच्या दारावर हातभर अक्षरांत 'कर्करोग रुग्णालय' असं लिहिलेलं होतं. मी पाटीकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. हे म्हणाले, "इथं गाडी लावायला जागा चांगली आहे."

हसू आलं, आणि हसता हसता मी ती पाटी पुन्हा एकदा वाचली.

डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचे. हात हलका, बोलणं मऊ. "साधी गाठ आहे, ताई. काढून टाकू, मग थोडी ताकदीची सलाईन देऊ. ठणठणीत व्हाल." हे सगळं ते भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत होते. ह्यांनीच त्यांच्यापुढं हात जोडले असणार, हे मला कळत होतं. रागही आला नाही. पण त्या दिवसापासून एकच विचार मन पोखरू लागला. जो माणूस रोगाबद्दल खोटं बोलतो, तो गुणाबद्दल खरं बोलतो हे कशावरून? 'ठणठणीत व्हाल' हेही त्या ताकदीच्या सलाईनसारखंच निघालं तर? ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. लाडवांच्या डब्याखालून नणंदेनं कुठल्याशा वैदूची पुडी सरकवली होती. "वहिनी, चिरफाड नाय, काय नाय. गुपचूप घेत राहा." एका बाजूला सोमवार, दुसऱ्या बाजूला पुडी, आणि खरं सांगते, माझं मन पुडीकडं झुकत चाललं होतं. पुडी निदान तोंडावर खोटं तरी बोलत नव्हती.

नाथषष्ठी तोंडावर आली होती. मी पैठणला जायचा हट्ट धरला. त्या दिवसांत माझा कुठलाही हट्ट पुरवला जात होता. पैठणला नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. देवानं सेवेकरी होऊन नाथांच्या घरी कावडीनं पाणी वाहिलं, ते या रांजणात, अशी आमची श्रद्धा. षष्ठीच्या आधी भाविक त्यात घागरी ओततात. तो भरून वाहू लागला की देव येऊन गेला असं मानतात. हे बाहेर चपला सांभाळत उभे राहिले आणि मी घागर घेऊन बायकांच्या रांगेत लागले. पुडी कमरेच्या पिशवीत होती. मनात नाथांशी सौदा केला : माझ्या घागरीनं रांजण वाहिला, तर सोमवारी ऑपरेशन. नाही वाहिला, तर पुडी.

घागर ओतली. पाणी चढलं, गोल फिरलं, आणि काठाच्या खाली येऊन थांबलं. मी वाकून बघतच राहिले. आता चढेल, आता चढेल.

"ओ बाई, सरका की! देव काय तुमच्या एकटीच्याच घागरीसाठी अडून बसलाय व्हय?"

मागं वळले. माझ्याच वयाची बाई. घागर उचलताना डोक्यावरचा पदर घसरला होता, आणि खाली नुकत्या उगवलेल्या कोथिंबिरीएवढे केस. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. "व्हय, मला बी झालता कॅन्सर," ती म्हणाली. "देवगाव रंगारीची हाय मी." आणि घरात कुणापुढं जे बोलले नव्हते ते माझ्या तोंडून त्या अनोळखी बाईपुढं भडाभडा बाहेर पडलं. रांग ओरडत होती. तिनं घागर कमरेवर घेऊन सगळं ऐकून घेतलं.

"डॉक्टरला इचारलंत का, मला खरं सांगा म्हणून?"

"नाही."

"मंग रांजणाला कशापायी इचारायलात?"

तिनं तिची घागर ओतली. रांजण तेव्हाही वाहिला नाही. "भरंल तवा भरंल. आपण ओतायचं," म्हणाली आणि गर्दीत शिरली. बाहेर येऊन मी तिला खूप शोधलं. दिसली नाही.

सोमवारी सकाळी मी पुडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "डॉक्टरसाहेब, मला कॅन्सर आहे ना? आधी उत्तर द्या, मग हिचं काय करायचं ते ठरवू." त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे जमिनीकडं बघत होते. मग डॉक्टर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "हो, ताई. मी तुमच्यापासून लपवायला नको होतं." काय कापणार, सलाईन कसली, केस कधी जातील, सगळं सांगितलं. "बऱ्या व्हाल अशी चांगली आशा आहे. पण खात्री देता येत नाही मला." गंमत बघा, खात्री देत होते तेव्हा माझा विश्वास नव्हता, खात्री नाही म्हणाले आणि बसला! मी पुडी त्यांच्याकडं सरकवली आणि म्हणाले, "मग करा."

त्या बाईला नाथांनी पाठवलं की ती आपली सहजच माझ्या मागं उभी होती, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. ऑपरेशन झालं, केस गेले, पुन्हा आले. दर तपासणीच्या आदल्या दिवशी अजून झोप लागत नाही. तेव्हा डोळे मिटून मी मनातल्या मनात एक घागर ओतते, आणि काठाकडं न बघता बाजूला सरकते. शरण जाणं मला एवढंच कळलं आहे. ज्यानं मला विचारायचं धाडस दिलं आणि डॉक्टरांना सांगायचं, त्याच्या पायी डोकं ठेवते.

पण त्या खोलीत शेवटचं वाक्य माझं नव्हतं. "मग करा" असं मी म्हटलं, तेवढ्यात आमचे हे खुर्चीतून ताडकन उठले आणि डॉक्टरांसमोरच ओरडले, "मायला, म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं, आणि मी रोज त्या टाकीमागं बसून एकटाच रडत होतो व्हय!"