जांभळा उजेड

झेरॉक्सच्या यंत्राचा उग्र वास आला की मला वडिलांचा शर्ट आठवतो. खडोलीच्या कारखान्यात ते प्लास्टिकच्या फिल्मवर शाई धरावी म्हणून विजेचा जांभळा झोत सोडणारं मशीन चालवायचे; त्या झोताचा तसाच वास त्यांच्या शर्टाला यायचा. तिथल्याच लॅबमध्ये त्यांनी माझ्या नोकरीसाठी शब्द टाकला होता. एका संध्याकाळी ते गरम पाण्यात पाय सोडून बसले असताना मी सांगितलं, "सूर्याच्या प्लाझ्मावर, म्हणजे विजेने भारलेल्या वायूवर, संशोधन करायला निवडलंय मला. तुमच्या मशीनमधला उजेडही प्लाझ्माच." त्यांनी विचारलं, "तिथं बी बारा तास उभं ऱ्हावं लागतं का?" "नाही, बसून काम." "मंग जाय," म्हणाले आणि पाय पुसू लागले. आता दिवसभर सौरवाऱ्याचे आलेख बघून माझी पाठ भरून येते. फोनवर ते दमलीस का विचारतात, तेव्हा मी म्हणते, "बसूनच तर असते."