गफ्फारच्या हातातला निरोप

देऊळघाटच्या गफ्फार मन्याराइतका विसरभोळा माणूस त्या पंचक्रोशीत दुसरा नसेल. बायकोनं, अमीरबीनं, बाजारातून मीठ आणायला सांगावं आणि यानं हात हलवत घरी यावं. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा हा पठ्ठ्या बरेच दिवस इंग्रजांच्या वेळचं 'शीपी बेरार'च म्हणत होता. मधली दोन राज्यं आली नि गेली, ते याच्या गावीही नव्हतं.

पण बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून तो घाटाखालच्या गावांत उतरला, की त्याच्यासारखा निरोप्या नाही. सासरी दिलेल्या लेकींना मायचे निरोप तोच पोचवी. पोस्टाचं पाकीट घरात कोणीही फोडावं, वर ते वाचून दाखवायला आणखी कोणाला तरी धरून आणावं. गफ्फारचा निरोप मात्र जिचा तिच्याच कानात पडे.

त्यात एक गंमत होती, आणि ती त्याला चांगली ठाऊक होती. वाटेत विचारलं तर एक अक्षर आठवायचं नाही. लेकीचा हात हातात घेऊन, अंगठ्याचा सांधा दाबून पहिली बांगडी चढवली, की माय काय बोलली ते तिच्या खोकण्यासकट आठवायचं. निरोपही त्यानं तसाच ऐकलेला असायचा ना, मायच्या हातात बांगड्या भरता भरता. अमीरबीचं मीठ-मिरची म्हणजे चुलीपुढून मारलेली हाक. ती बिचारी कशाला चिकटून राहणार? अमीरबीला हे पटत नसे. हात धरून सांगायला मी काय तुमचं गिऱ्हाईक आहे का, असं ती म्हणे, आणि तिचंही बरोबरच होतं.

एका नागपंचमीच्या तोंडावर गावातल्या जनकाबाईनं त्याच्याकडून बांगड्या भरून घेतल्या आणि घाटाखाली दिलेल्या लेकीसाठी, रुख्मिणीसाठी, निरोप दिला. मायलेकींचा अबोला होता. भावाच्या लग्नात रुख्मिणीला मानाचं लुगडं हलकं आलं, ती रागानं पंगतीतून उठून गेली, आणि तेव्हापासून तिनं माहेरचं तोंड पाहिलं नव्हतं. जनकाबाईही हट्टाला कमी नव्हती. तिनं आपणहून निरोप दिला, याचंच गफ्फारला अप्रूप वाटलं. हा निरोप पोचलाच पाहिजे, असं त्यानं घाट उतरताना स्वतःला दहादा बजावलं. बजावलेलं तेवढं ध्यानात राहिलं, निरोप नाही.

रुख्मिणीच्या ओसरीवर त्यानं माळा मांडल्या. तिच्या सासूनं, कौशल्याबाईनं, हौसेनं हात पुढे केला. तो हातात येताच गफ्फारनं तिच्या म्हशीच्या मोडलेल्या शिंगाची चौकशी केली. ती गेल्या वर्षीची गोष्ट. म्हैस केव्हाच विकली होती. रुख्मिणी मात्र दाराआडून हलेना. माहेरच्या मन्याराच्या बांगड्या मला नकोत, असं तिनं तिथूनच सुनावलं.

गफ्फारला घाम फुटला. त्यानं पाणी मागितलं, डोकं खाजवलं, पुन्हा पाणी मागितलं. आपल्याच मनानं काहीतरी गोड रचून सांगावं, असंही एकदा वाटलं. पण दुसऱ्याच्या मायच्या तोंडी शब्द घालायचे म्हणजे मोठी जोखीम. शेवटी तो खरं तेच बोलला.

"बाई, तुह्या मायनं निरोप देला हाये अन् मी तो इसरलो. तुहा हात हातात आल्याबिगर मले काही आठोत नाही. बांगड्या नको भरू, निस्ता हात दे."

सासू खो खो हसली. रुख्मिणीलाही हसू आवरेना. ती बाहेर येऊन बसली आणि तिनं हात पुढे केला.

त्यानं अंगठ्याचा सांधा दाबला, आणि निरोप आला. "माय म्हने, तिले सांग, मी बरी हाओ. पंचमीले नाही आली तरी चालते."

रुख्मिणीचा चेहरा पुन्हा घट्ट झाला. एवढ्यासाठी का हा घाट उतरून आला, असं पुटपुटत ती हात सोडवू लागली. गफ्फारनं सोडला नाही. त्याची बोटं तिच्या भरदार मनगटावर थांबली होती आणि त्यांना दुसरं मनगट आठवत होतं. निरोप ऐकताना तेच त्याच्या हातात होतं. त्या दिवशी बोलण्याच्या नादात बोटं आपलं काम उरकून गेली होती, आणि डोक्याला त्याचा पत्ताच नव्हता. आता मात्र डोक्यालाही ते कळलं.

"अजून काही हाये का?" रुख्मिणीनं विचारलं.

"हे तिनं नाही सांगतलं," गफ्फार हळू बोलला. "तुह्या मायले अडीचाच्या बांगड्या लागत. औंदा त्या कोपरापर्यंत सरकल्या. मंग मी तिले लहान्या पोरीच्या मापाच्या भरून देल्या."

रुख्मिणीनं आपलं मनगट दुसऱ्या हातानं धरून पाहिलं. मग तिनं सासूकडे पाहिलं. कौशल्याबाईनं होकाराची मान हलवली.

"मामा, माळा आवरा," रुख्मिणी उठत म्हणाली. "मी तुमच्यासंगंच येते."